ओट-बरसीम मिक्स लावताय? मग आधी पेरणीची तारीख बघा

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, आता ज्यांच्या दावणीला दुधाची जनावरं आहेत त्यांनी हरभरा-गव्हाच्या आधी हिरव्या वैरणीचं रान ठरवून टाका. कारण ओट (गव्हासारखं तृणधान्य) आणि त्यासोबत बरसीम किंवा लसूणघास (दोन्ही द्विदल म्हणजे शेंगवर्गातली चारापिकं), ह्या मिक्स चाऱ्यात बियाणं आणि खतापेक्षा पेरणीचं टायमिंग जास्त बोलतं. आणि टायमिंग चुकलं की फक्त टनेज कमी होतं असं नाही, मिक्समध्ये द्विदल किती आणि ओट किती हेच बदलून जातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता हे कसं होतं ते बघा. बरसीमच्या उगवणीला दिवस-रात्रीचं सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास लागतं. ऑक्टोबर हीटमध्ये घाई करून पेरलं तर बरसीम विरळ उगवतं, आलेली रोपं पण उन्हाने जातात, आणि ओटला गरमीत फुटवे (बुंध्यातून येणारे नवे कोंब) कमी येऊन तो सरळ वर पळतो. उशीर केला, म्हणजे डिसेंबर उजाडला, की उलटी अडचण. थंडीत बरसीम आठवडेच्या आठवडे जमिनीलगत बसून राहतं, पहिली कापणी लांबते आणि मग फेब्रुवारीत ऊन चढलं की ओट नीट फुटवे न करताच निसवतो, म्हणजे कणसं बाहेर काढतो. तेव्हा तुम्ही कापता तो नावालाच मिक्स चारा असतो, खरं तर निम्म्याहून जास्त ओटची काडीच.

प्रोटीनचा हिशोब करा. बरसीमच्या सुक्या चाऱ्यात साधारण १७ ते २० टक्के प्रोटीन, फुलोऱ्यातल्या ओटमध्ये ८ ते १०. सुक्या वजनात दोन्ही निम्मंनिम्मं आलं तर मिक्स १३-१४ च्या घरात जातं आणि पेंडीवरचा खर्च खरोखर कमी होतो, पण बरसीम मागे राहिलं की तुम्ही परत ९-१० वर. कोणी सांगेल की उशिरा पेरलेल्या चाऱ्याच्या टेस्टिंगमध्ये प्रोटीन जास्त आलं, तर ते येऊ शकतं, कोवळ्या बुटक्या झाडात टक्का जास्तच दिसतो, पण चाराच कमी निघाला तर एकरी एकूण प्रोटीन कमीच ना. टक्क्याला भुलू नका.

आपल्याकडे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य हे दिवस मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. तेव्हा पेरलं की ५०-५५ दिवसांत पहिली कापणी आणि पुढे २५-३० दिवसांनी एकेक, म्हणजे मार्चअखेरपर्यंत चार कापण्या बसतात. डिसेंबरात गेलात की दोन-तीनवरच समाधान, कारण मार्चनंतर ऊन वाढलं की बरसीम थांबतं. गोठ्याला रोज वैरण लागते त्यामुळे सगळं रान एकाच दिवशी पेरू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन तुकडे करा.

ओट (केंट, फुले हरिता वगैरे वाण) पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) २५-३० सेंटीमीटरवर, एकरी नेहमीच्या निम्मं म्हणजे २० किलोच्या आसपास, आणि बरसीम (वरदान, मेस्कावी हे वाण) ८-१० किलो मातीत मिसळून वरून फोकून हलकंसं झाकायचं. बरसीमचं बी बारीक, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या खाली गेलं की वर येत नाही. पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाका, कासनी ह्या तणाचं बी आणि पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाका, मग चांगल्या पाण्याने दोनदा धुवा. त्या रानात आधी कधीच बरसीम नसेल तर रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं कल्चर) बियाण्याला लावल्याशिवाय पेरू नका, आणि दुकानात बरसीमचंच कल्चर मागा, हरभऱ्याचं इथे चालत नाही, लसूणघासाचं पण वेगळं असतं. कल्चर लावलेलं बी सावलीत सुकवा.

युरियाचा हात आखडता ठेवा. पेरताना डीएपी द्या, नंतर युरिया जास्त पडला की ओट जोरात येऊन बरसीमला झाकतो. शिवाय ढगाळ हवेत भरपूर युरिया खाल्लेला ओट लगेच कापून घातला तर त्यातलं नायट्रेट जनावराला बाधू शकतं, म्हणून युरिया देऊन दोन-तीन आठवडे गेल्याशिवाय कापू नका.

पहिली कापणी बरसीमकडे बघून नाही, ओटकडे बघून करा. ओट निसवायच्या आधी, जमिनीपासून ८-१० सेंटीमीटर सोडून कापला की दोन्ही परत फुटतात, ओटची कणसं बाहेर पडेपर्यंत थांबलात तर चारा जास्त दिसतो पण काडी कडक होते आणि खाली सावलीत बरसीम पिवळं पडतं. पुढच्या कापण्यांत ओट कमी होत जातो आणि नुसतं बरसीम उरतं, तेव्हा सकाळी दव असताना उपाशी जनावराला तेवढंच घालू नका, पोटफुगी होते, आधी थोडा कडबा द्या.

आणि ज्यांचं रान डिसेंबरच्या मध्यापर्यंत मोकळंच होत नाही त्यांनी बरसीमवर पैसे घालू नका. नुसता ओट २०-२५ टक्के बी वाढवून एका कापणीसाठी पेरा, नाहीतर रान तयार ठेवून फेब्रुवारीच्या मध्यानंतर थंडी ओसरली की आफ्रिकन टॉल मका आणि चवळी, मक्याच्या दोन ओळींना चवळीची एक ओळ असं घ्या. चवळीला गारठा अजिबात सोसत नाही, त्यामुळे तिथे आठवडाभर थांबलेलं परवडतं.