सुरू होऊन लगेच बंद पडणारं बोटीचं इंजिन: दोष कसा शोधावा

अजिबात सुरू न होणाऱ्या इंजिनापेक्षा सुरू होऊन मान टाकणारं इंजिन बरं. ते सुरू झालं म्हणजे सेल्फ ठीक आहे, कॉम्प्रेशन आहे आणि पेट्रोल इंजिन असेल तर प्लगला ठिणगीही मिळतेय. शोधायचं एवढंच, की चालत राहण्यासाठी जे सतत पोचायला हवं त्यातलं काय मध्येच तुटतंय. बहुतेक वेळा ते इंधनच असतं, पण नेहमी नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी घड्याळ बघा. इंजिन किती सेकंदांनी बंद पडतं, आणि एकदम गप्प होतं की धापा टाकत, अडखळत थांबतं, यावरून शोधाची दिशा ठरते. एकदम गप्प झालं तर आधी वायरिंग बघा. अडखळत थांबलं तर इंधन किंवा हवा.

आधी एवढं सांभाळा

बोट पक्की बांधा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. बोटीच्या आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारं यंत्र) निदान 4 मिनिटं चालवा आणि इंजिनखालच्या खोलगट भागात नाक घालून वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तिथेच साठते आणि एका ठिणगीने भडकते. वास आला तर किल्लीला हात लावू नका.

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन) जमिनीवर चालवून बघणार असाल तर त्याला पाण्याची नळी जोडल्याशिवाय चालवू नका, काही सेकंदांसाठीसुद्धा. पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर कोरडं फिरलं की फाटतं, आणि एका दुखण्याची दोन होतात. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या.

किल्ली सोडताच बंद

सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन धडधडतं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी गप्प. पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनात याचं ठरलेलं कारण म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर. सेल्फ मारताना इग्निशन कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब थेट मिळतो. किल्ली सोडली की तोच पुरवठा या रेझिस्टरमधून येतो. तो जळला असेल तर कॉइलला काहीच मिळत नाही. किल्ली चालू ठेवून मीटरने कॉइलच्या धन टोकावर दाब मोजा. शून्य आला तर रेझिस्टर गेलाय किंवा किल्लीचा स्विच. रेझिस्टर वगळून कायमची थेट वायर जोडण्याचा मोह टाळा, त्याने पॉइंट आणि कॉइल दोन्ही जळतात.

आउटबोर्डला मनगटात अडकवायच्या दोरीची क्लिप निघाली की इंजिन बंद होतं, म्हणून ती नीट बसली आहे ना, तेही इथेच बघा. अर्धवट बसलेली क्लिप इंजिनाच्या थरथरीने सरकते. डिझेल इंजिनात बंद करायची केबल पूर्ण आत गेली आहे ना, हे पंपावरच्या लिव्हरपाशी जाऊन डोळ्यांनी बघा. वरची मूठ आत गेली म्हणजे खालचा लिव्हर मागे आलाच असं नाही.

दोन-चार सेकंदांत बंद

थंड इंजिनाला चोक लागतो आणि तो लवकर काढला की ते थांबतं, यात दोष काही नाही. गरम झाल्यावरही तेच होत असेल तर एक साधी चाचणी आहे. इंजिन दम तोडू लागलं की चोक क्षणभर ओढा. सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरलं तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे कार्ब्युरेटरचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकलाय किंवा सुईची झडप गळतेय. प्लग काढून बघा: ओला आणि काळा असेल तर शंका उरत नाही.

अर्धा मिनिट ते काही मिनिटं चालून बंद

कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम असतं. त्यावर इंजिन थोडा वेळ छान चालतं. वाटी रिकामी झाली आणि मागून भर आली नाही की ते थांबतं. म्हणजे टाकीपासून वाटीपर्यंत कुठेतरी वाट अडली आहे किंवा हवा शिरते आहे.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. उचलून नेता येणाऱ्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो बंद राहिला तर आत निर्वात होतो आणि पेट्रोल येणं थांबतं. इंजिन बंद पडताच झाकण सैल करा. हवा आत खेचल्याचा फुस्स आवाज आला तर दोष सापडला. पक्क्या बसवलेल्या टाकीची व्हेंट (हवा आत येण्याची) नळी बाहेरच्या बाजूला कीटकांच्या घरट्याने किंवा मिठाने बुजते, तीही तपासा.

त्यानंतर नळीतला रबरी बल्ब, जो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. माझ्या मते आउटबोर्डवर याच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेला हवा. बाण वर राहील असा उभा धरून तो कडक होईपर्यंत दाबा, इंजिन सुरू करा आणि हात बल्बवरच ठेवा.

बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: व्हेंट, टाकीतली जाळी किंवा जुनी नळी. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटतं आणि पडद्यासारखं आड येतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते, म्हणून हा दोष भल्याभल्यांना चकवतो. बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे, बल्बमधली झडप गेली आहे किंवा कार्ब्युरेटर भरून वाहतो आहे. इंजिन अडखळताच बल्ब दाबला आणि ते सावरलं, तर इंजिनावरचा इंधन पंप कमकुवत झालाय किंवा त्याच्या मागे हवा शिरतेय. पंपाचा पातळ पडदा फाटणं ही नेहमीची गोष्ट. आणि बल्ब कडक असूनही इंजिन थांबलं, तर नजर पुढे न्या: फिल्टर आणि कार्ब्युरेटर.

हवा शिरते तिथे पेट्रोल गळेलच असं नाही, कारण त्या भागात ओढ असते, दाब नसतो. जोडणीतली ओ-रिंग (रबरी कडी) आधी बदला, कारण सगळ्यात लवकर तीच कडक होते. क्लॅम्पही घट्ट करून बघा.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर दुसरी छोटी टाकी, ताजं पेट्रोल आणि तिची स्वतःची नळी थेट इंजिनाला जोडा. पंधरा मिनिटं नीट चाललं तर दोष बोटीच्या टाकीत किंवा नळीत. तसंच बंद पडलं तर इंजिनावर. या एका चाचणीने अर्धी बोट शोधातून बाहेर पडते.

पाणी आणि शिळं पेट्रोल

फिल्टरमधलं किंवा कार्ब्युरेटरच्या तळातला स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासकट तळाशी उतरतं. अशा पेट्रोलमध्ये कुठलंही औषध घालून ते सुधारत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

जोरात रेटलं तर चालतं, पण थ्रॉटल सोडला की थांबतं, असं असेल तर कार्ब्युरेटरचं मंद गतीचं जेट तुंबलंय. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्या बारीक भोकात बसतो. क्लीनर आणि हवेच्या दाबाने ते मोकळं करा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फेकावंच लागतं.

डिझेल इंजिन

डिझेल सुरू होऊन अर्ध्या-एक मिनिटात बंद पडलं तर त्याने एअर घेतली आहे, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली आहे, असं समजून चाला, विशेषतः नुकताच फिल्टर बदलला असेल तर. फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग वाकडी बसलेली असते. टाकीची झडप उघडी आणि टाकीत पुरेसं डिझेल आहे, हे बघून एअर काढायला घ्या.

1. फिल्टरवरचा ब्लीड (हवा काढायचा) स्क्रू एक-दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा.
2. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हाताचा लिव्हर मारत राहा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल येऊ लागलं की लिव्हर मारतानाच स्क्रू आवळा.
3. लिव्हरला दमच लागत नसेल तर पंप बिघडला असं लगेच ठरवू नका. कॅमने (इंजिनाबरोबर फिरून पंप हलवणाऱ्या उंचवट्याने) तो दाबून धरलेला असू शकतो. इंजिन हाताने थोडं फिरवा आणि पुन्हा बघा.
4. हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला करा.
5. तरीही धरत नसेल तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की आवळा. हात आणि चेहरा लांब ठेवा, त्या दाबाची धार कातडीत घुसते. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच अतिदाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) या नळ्या अजिबात उघडायच्या नाहीत.

इथे एक धोका आहे. ज्या इंजिनाचं थंड करणारं पाणी धुराबरोबर बाहेर पडतं, त्यात इंजिन न धरता सेल्फ मारत राहिलं तर पाणी सायलेन्सरमध्ये साठून उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. म्हणून वारंवार सेल्फ मारायचा असेल तेव्हा समुद्राच्या पाण्याची झडप बंद ठेवा, आणि इंजिनाने धरलं की त्याच क्षणी उघडा.

गिअर टाकताच बंद

न्यूट्रलला चांगलं चालतं आणि गिअरला गचकन थांबतं, तर इंधनाच्या मागे लागण्याआधी पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बघा. किल्ली काढा, इंजिन बंद ठेवा. आउटबोर्डचा पंखा न्यूट्रलला हाताने सहज फिरायला हवा. दोरी किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळला असेल तर कापून काढा. पंखा मोकळा असेल तर मंद गती कमी आहे का ते पाहा, तिचा योग्य आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. पंख्यामागे नायलॉनचा बारीक दोरा सापडला तर पंखा उतरवूनच तो काढा आणि गिअर ऑइलही तपासा. तो दोरा शाफ्टचं सील कापतो, आणि पाणी आत शिरलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं.