दंगलीने मतं वाढली की घटली, हे घरबसल्या कसं तपासायचं

कुठे दगडफेक झाली, कर्फ्यू लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर सुरू होतं. काका लिहितात "आता बघा यांचं कसं फावतं", आत्येभाऊ लिहितो "फावतंय कसलं, आपटणार", आणि दोघांकडेही आकडा एकही नसतो. मीपण आधी असंच ठोकून द्यायचो, मग एका निवडणुकीनंतर आमच्या गावाचे बूथवार आकडे हाताने एक्सेलमध्ये भरत बसलो आणि माझीच थिअरी तोंडावर पडली, ते शेवटी सांगतो. तेव्हापासून मी जसं तपासतो तसं इथे लिहितोय, यात काही रॉकेट सायन्स नाही, वही-पेन आणि दोन संध्याकाळी पुरतात.

सगळ्यात आधी दावा नीट लिहून काढा. "दंगलीचा फायदा होतो" हा दावाच नाही, ती नुसती हवा आहे. कुठली दंगल, कधी, त्यानंतरची कुठली निवडणूक, मधे किती महिने गेले, सत्तेत कोण होतं, आणि फायदा म्हणजे नक्की काय, मतं की जागा की सरकार. एवढं लिहायला बसलात की अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण काका जागांबद्दल बोलत असतात आणि आत्येभाऊ मतांबद्दल.

आता जागा आणि मतं, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळे इथेच फसतात. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पाडली, देशभर दंगली झाल्या, केंद्राने भाजपची चार राज्यांतली सरकारं घालवली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये त्या चारही राज्यांत मतदान झालं. म्हणजे अभ्यासायला याहून चांगली केस मिळायची नाही. उत्तर प्रदेशात भाजप २२१ वरून १७७ वर आला, मध्य प्रदेशात २२० वरून ११७, हिमाचलमध्ये तर ४६ वरून थेट ८. राजस्थानात मात्र ८५ च्या ९५ झाल्या आणि शेखावत परत मुख्यमंत्री. वरवर बघितलं तर निकाल साफ, चारपैकी तीन राज्यं गेली, लोकांनी नाकारलं. पण आता मतांची टक्केवारी काढा. उत्तर प्रदेशात भाजपची मतं ३१ टक्क्यांच्या आसपास होती ती ३३ च्या पुढे गेली, वाढली! मध्य प्रदेशात जवळपास होती तिथेच राहिली, ३९ च्या आगेमागे. मग जागा का गेल्या? कारण समोरचे एक झाले. उत्तर प्रदेशात सपाचे मुलायमसिंह आणि बसपाचे कांशीराम यांनी हात मिळवले, दोघांची मिळून मतं भाजपपेक्षा कमीच होती, २९ टक्क्यांच्या आसपास, पण जागा १७६, आणि वरून काँग्रेस-जनता दलाचा पाठिंबा, झालं सरकार. म्हणजे दंगलीनंतरच्या वातावरणाने भाजपचा मतदार हलवला नाही पण समोरची फाटाफूट बुजवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, काका पण बरोबर आणि आत्येभाऊ पण.

हीच फूटपट्टी आपल्याकडे लावा. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या मुंबई दंगलीत ९०० च्या आसपास माणसं मेली, चौकशीसाठी श्रीकृष्ण आयोग बसला, आणि १९९५ ला शिवसेना-भाजपचं सरकार आलं. गेली तीस वर्षं लोक हे एका दमात सांगतात, दंगल झाली आणि सत्ता आली. मुंबईत युतीने बाजी मारली हे खरंच आहे. पण राज्याचे आकडे बघा, १९९० ला युतीची मतं साधारण २६-२७ टक्के होती, १९९५ ला २९, वाढ दोन-अडीच टक्क्यांची. आणि जागा? ९४ वरून १३८. काँग्रेस १४१ वरून ८०. ही दरी भरली कोणी तर बंडखोरांनी, तब्बल ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेचसे काँग्रेसचेच नाराज, तिकीट कापलं म्हणून उभे राहिलेले. शिवाय मधे १२ मार्च ९३ चे बॉम्बस्फोट, पालिका अधिकारी खैरनारांचे पवारांवरचे आरोप, एन्रॉन वीज प्रकल्पाचा वाद, आणि दंगल आणि मतदान यात दोन वर्षांचं अंतर. यातून दंगलीचा वाटा नेमका किती हे वेगळं काढणं म्हणजे मिसळीतून तर्री वेगळी काढणं. मी एवढंच म्हणतो की राज्यभराचं श्रेय किंवा पाप एकट्या दंगलीच्या नावावर टाकू नका.

पुढचा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहा, खापर कोणावर फुटलं? हिंसा झाली एवढ्याने मतदार हलत नाही, ती कोणी केली असं त्याला वाटतं त्यावर हलतो. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन घ्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत जाळपोळ, दगडफेक सगळं झालं, पण लोकांच्या डोक्यात राहिला तो पोलिसांचा गोळीबार आणि तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई. १०६ हुतात्मे. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला लोळवलं, तरी द्विभाषिक राज्यात काँग्रेस सत्तेत राहिलीच, आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. आता दुसरीकडे बिहारमधलं भागलपूर बघा. २४ ऑक्टोबर १९८९ ला दंगल पेटली, हजारच्या आसपास माणसं गेली, राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे काँग्रेस, आणि महिन्याभरात लोकसभेचं मतदान. बिहारमध्ये १९८४ ला ५४ पैकी ४८ जागा असलेली काँग्रेस ४ वर आली. बोफोर्स तोफांचं प्रकरण होतंच, सगळं भागलपूरवर ढकलू नका, पण तिथला मुस्लिम मतदार जो काँग्रेसपासून तुटला तो लालूंकडे गेला आणि वर्षानुवर्षं परत आला नाही. इथे दंगल करणाऱ्याला नाही, थांबवू न शकणाऱ्याला शिक्षा झाली.

मग नकाशा काढा. दंगल झाली ते जिल्हे एका रंगाने, नाही झाली ते दुसऱ्या रंगाने, आणि दोन्हीकडे मतं कशी हलली ते लिहा. २००२ चं गुजरात यासाठी बघण्यासारखं आहे. गोध्रा आणि त्यानंतरची हिंसा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मतदान डिसेंबरमध्ये, भाजप ११७ वरून १२७. पण ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती, मध्य गुजरातमध्ये, म्हणजे जिथे हिंसा जास्त झाली तिथे भाजप जोरात वाढला, आणि सौराष्ट्र-कच्छमध्ये उलट जागा कमी झाल्या. नुसता राज्याचा आकडा बघितला असता तर हे दिसलंच नसतं.

पण थांबा, नकाशातही एक खड्डा आहे. दंगल काही लॉटरी काढून होत नाही, जिथे लढत आधीच अटीतटीची, जिथे तणाव आधीच आहे, तिथेच ती होते, मग मतं दंगलीमुळे हलली की आधीच हलत होती हे कसं कळणार? अभ्यासकांनी यावर भारी युक्त्या काढल्यात. श्रीया अय्यर आणि आनंद श्रीवास्तव यांनी हिंदू सण शुक्रवारी आला का हे बघितलं, कारण मिरवणूक आणि जुम्म्याची नमाज एकाच दिवशी आली की दंगलीची शक्यता वाढते, आणि कॅलेंडर काही कुठला पक्ष ठरवत नाही. १९८१ ते २००१ च्या आकड्यांवरून त्यांना दिसलं की विधानसभेच्या आदल्या वर्षात दंगल झाली तर भाजपची मतं किमान पाच टक्क्यांच्या आसपास वाढतात. अमेरिकेत ओमर वासो यांनी पाऊस धरला. एप्रिल १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर शंभरहून जास्त शहरं पेटली, पण जिथे नेमका पाऊस पडला तिथे लोक रस्त्यावर कमी आले, मग पावसाच्या आणि कोरड्या भागांची तुलना केली. निष्कर्ष असा की हिंसक निदर्शनांच्या जवळपासचे गोरे मतदार रिपब्लिकनांकडे सरकले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा निक्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. शांततेच्या आंदोलनांनी मात्र उलट डेमोक्रॅटांची मतं वाढवली होती. म्हणजे भारतात पाच टक्के वाढ, तिकडे आंदोलकांच्याच बाजूला फटका. दोन अभ्यास भांडत नाहीयेत, दंगल कोणाच्या नावावर चढली आणि बहुसंख्य समाज कोणाला घाबरला हा फरक आहे.

टिकतं किती दिवस हेही बघा. मुझफ्फरनगर दंगल २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरची, जाट-मुस्लिम जुनी मोट फुटली आणि २०१४ ला भाजपने उत्तर प्रदेशात ८० पैकी ७१ घेतल्या. पण २०१८ च्या कैराना पोटनिवडणुकीत तीच मोट परत बांधली गेली आणि भाजप हरला, २०२४ ला तर खुद्द मुझफ्फरनगरच गेलं. आपल्याकडे याहून फास्ट. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, खापर सरकारवर. ३० ऑक्टोबरला बीड-माजलगावात आमदारांची घरं जळाली. लोकसभेला मराठवाड्यात आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला. आणि सहा महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ ला, त्याच मराठवाड्यात महायुतीने बहुतांश जागा मारल्या. लाडकी बहीण आली, ओबीसी मतं एकवटली, राग मधेच विरघळला.

शेवटचं, पक्षाचा फायदा आणि मागणीचा फायदा एकाच रकान्यात लिहू नका. इथे तारखांची यादी करा, बाकी काही लागत नाही. मराठा मूक मोर्चे ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादपासून सुरू झाले, घोषणा नाही, मोर्चा गेला की मागे रस्ता झाडायला पोरं. जुलै २०१८ मध्ये चाकणला बसेस जळाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मराठा आरक्षणाचा कायदा झाला, म्हणून आजही कट्ट्यावर ऐकू येतं, "बस जाळल्या म्हणून मिळालं". पण तारखा लावा, मागासवर्ग आयोगाचं काम त्याआधीपासूनच चालू होतं. आणि ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द केला तेव्हा कोणी बस मोजल्या नाहीत. जाळपोळीत नाव आलेल्या पोरांना मात्र भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा आला. ज्या नोकरीसाठी आंदोलन, तीच!

उलट बाजू पण प्रामाणिकपणे लिहा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, लगेच दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, आणि नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही नामविस्तार, म्हणजे जुनं नाव ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं. दोन्ही वेळेला मुख्यमंत्री शरद पवारच. दंगलीने सोळा वर्षं अडवून धरलं. काही मिळवण्यापेक्षा काही अडवण्यासाठी हिंसा जास्त चालते, हे मला आवडत नाही पण आकडे तसे दिसतात.

आता तुमच्या गावाचं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर फॉर्म २० असतो, मतदारसंघातल्या प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली ते त्यात असतं. बऱ्याचदा वाकडा स्कॅन, ३ आणि ८ सारखेच दिसतात, प्रत्येक ओळीची बेरीज मारून बघा. बूथ नंबर दर निवडणुकीला बदलतात, त्यामुळे नंबरवर जाऊ नका, मतदान केंद्रांची यादी वेगळी काढा आणि शाळेचं नाव आणि खोली जुळवा. आमच्याकडे मी धरून चाललो होतो की दंगल झाली त्या पेठेत मतं फिरली असणार. पेठेत काहीच नाही, मागच्या वेळेसारखंच. फरक होता तो हायवेपलीकडच्या नव्या कॉलन्यांत, जिथे एक काच फुटली नव्हती, तिथे मतदानच जोरदार वाढलं होतं, लोकांनी दंगल फोनवर बघितली होती.

दोन्ही निवडणुकांच्या फायली आजच डाऊनलोड करून ठेवा, साईटचं तोंड बदललं की जुन्या लिंका सापडत नाहीत.