फुकट किट मिळालं, पण कोलोनोस्कोपीचं काय? आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करताना या चुका टाळा

ओळखीतल्या एक काकू इथे अमेरिकेत मोटेलमध्ये काम करतात. वय ५८, इन्शुरन्स नाही. मार्च हा आतड्याच्या कॅन्सरच्या जनजागृतीचा महिना, तेव्हा एका शिबिरात त्यांना शौचाच्या तपासणीचं किट फुकट मिळालं. त्यांनी ते नीट करून पाठवलं. काही दिवसांनी पत्र आलं: पॉझिटिव्ह आहे, कोलोनोस्कोपी (गुदमार्गाने कॅमेरा घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करून घ्या. कुठे, कितीला, पैसे कोण देणार, याबद्दल एक अक्षर नाही. काकूंनी पत्राची घडी घातली आणि देवघराच्या खणात ठेवून दिली. मला कळलं तेव्हा पाच महिने उलटले होते.

काकूंना मी दोष देत नाही. मूळ चूक किट हातात घेतानाच झाली होती.

पुढचा प्रश्न न विचारता किट घेणं

फिट नावाची ही तपासणी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. पथ्य लागत नाही, सुट्टी लागत नाही, घरीच होते. दरवर्षी केली तर उत्तम तपासणी आहे, स्वस्त म्हणून कमअस्सल नाही. पण पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी करावीच लागते, आणि खरा खर्च तिथे असतो. म्हणून किट घेण्याआधीच विचारा: "पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी कोण करून देणार आणि पैसे कोण भरणार?" समोरच्याकडे उत्तर नसेल, तर ज्यांच्याकडे आहे तिथून किट घ्या. माझ्या मते हा एक प्रश्न बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचा आहे.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकांना पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ), मूळव्याध असं काहीतरी निघतं किंवा काहीच निघत नाही. पण आत कॅमेरा घातल्याशिवाय ते कळत नाही. काही जण "पुन्हा एकदा फिट करून बघू" म्हणतात. ते करू नका. पॉलिपमधून रक्त रोज येत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळची निगेटिव्ह तपासणी पहिलीला खोडून काढत नाही. दिरंगाईही महाग पडते. २०१७ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या सुमारे ७० हजार लोकांच्या अभ्यासात, पॉझिटिव्हनंतर दहा महिन्यांहून जास्त थांबलेल्यांमध्ये कॅन्सरचं, आणि तोही पुढच्या टप्प्यातला, प्रमाण वाढलेलं दिसलं होतं.

इंटरनेटवर "फुकट कोलोनोस्कोपी" शोधत बसणं

सुरुवात कम्युनिटी हेल्थ सेंटरपासून करा. ही केंद्रं केंद्र सरकारच्या अनुदानावर चालतात आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू शकत नाहीत. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेपर्यंत असेल तर फी माफ किंवा नाममात्र, रेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर टप्प्याटप्प्याने सवलत. फोनवर "स्लायडिंग फी" हे दोन शब्द वापरा, समोरच्याला लगेच कळतं. उत्पन्नाचा पुरावा मागतात. पगार रोख मिळत असेल तर मालकाचं पत्र चालेल का, नाहीतर काय चालेल, ते आधी विचारून ठेवा. अनेक जण कागद नाहीत या भीतीने फोनच करत नाहीत. जवळचं केंद्र एचआरएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की सापडतं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्रातली सवलत केंद्रातल्या सेवांना असते. कोलोनोस्कोपी बहुधा बाहेरच्या हॉस्पिटलात होते, तिचा हिशेब वेगळा. म्हणजे वरचा प्रश्न इथेही विचारायचाच.

सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा आतड्याच्या कॅन्सरचा एक कार्यक्रम आहे. त्याचं नाव वाचून लोक थेट सीडीसीला फोन करतात आणि हिरमुसतात. तो पैसा प्रामुख्याने राज्यांना, विद्यापीठांना आणि त्यांच्यामार्फत दवाखान्यांना तपासणीचं प्रमाण वाढवायला जातो, रुग्णाच्या बिलाला नव्हे. आपल्या राज्याच्या आरोग्य खात्याची स्वतःची योजना आहे का, ते विचारणं जास्त कामाचं. २११ वर फोन केला तर स्थानिक मदत सांगतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा १-८००-२२७-२३४५ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा, लाजू नका.

"आपल्याला लागू नाही" असं धरून चालणं

आधी मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला, पात्र आहात का ते तपासा. नियम राज्यागणिक बदलतात. इन्शुरन्स असेल तर ४५ ते ७५ वयात ही तपासणी बहुतेक प्लॅनमध्ये को-पेशिवाय, म्हणजे खिशातून काही न भरता, होते. वयाची अट ५० वरून ४५ वर २०२१ मध्ये आली, पण ५० अजूनही लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. शौचाची तपासणी पॉझिटिव्ह आल्यावरची कोलोनोस्कोपीसुद्धा ३१ मे २०२२ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्लॅन-वर्षांपासून अशा प्लॅनना मोफत द्यावी लागते. तरी बिल आलं, तर ती "डायग्नोस्टिक", म्हणजे त्रासाचं कारण शोधण्यासाठी केलेली, म्हणून नोंदवली गेली असण्याची शक्यता मोठी. दवाखान्याच्या बिलिंग विभागाला कोड तपासायला सांगा. अल्पमुदतीच्या स्वस्त प्लॅनना हे नियम लागू नाहीत. आई-वडील भारतातून आले म्हणून काढलेल्या व्हिजिटर इन्शुरन्समध्येही अशी तपासणी साधारणपणे बसत नाही.

आणि "आम्ही शाकाहारी, आमच्यात कुणाला नाही" हे कारण सोडून द्या. हा कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणाला नसतो. आई, वडील किंवा भावंडाला झाला असेल, तर साधारण चाळिशीला किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा सुरुवात करायची, आणि अशा वेळी किटवर न थांबता डॉक्टरांशी बोलायचं.

त्रास होत असताना किट वापरणं

शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी झालंय, शौचाची सवय अचानक बदललीय, तर किट नको. सरळ डॉक्टर. आणि फुकट व्हावं म्हणून लक्षणं लपवू तर अजिबात नका.

तारीख न लिहिणं

क्षुल्लक वाटेल, पण नमुना बाद होण्याचं हे नेहमीचं कारण. बहुतेक किटमध्ये बोटाएवढी नळी असते, झाकणाला खाचांची काडी. कमोडच्या पाण्यावर कागद पसरून शौच वरच्यावर झेलायचं, काडी चार-पाच जागी फिरवायची, खाचा भरल्या की बस. ढीगभर लागत नाही. मग काडी आत, झाकण टक्क वाजेपर्यंत घट्ट, आणि नळीवरच्या लेबलवर नमुना घेतल्याची तारीख. तारीख नसेल तर नमुना किती शिळा हे लॅबला कळत नाही. किटची मुदतही आधी बघा, शिबिरात वाटलेली किटं कधीकधी जुनी असतात.

एकच बिल येईल असं समजणं

कोलोनोस्कोपीची बिलं वेगवेगळी येऊ शकतात: हॉस्पिटल, डॉक्टर, भूल देणारे, आणि पॉलिप काढला तर पॅथॉलॉजी. इन्शुरन्स नसेल तर आधी लेखी अंदाजपत्रक मागा. २०२२ पासून ते देणं बंधनकारक आहे. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त आलं, तर १२० दिवसांत तक्रार करता येते. ना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. त्याचा अर्ज पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत करता येतो, पण तपासणी त्यात बसते का, आणि कोणते डॉक्टर बसतात, हे आधीच विचारा.

आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधात काटकसर करू नका. आतडं साफ नसेल तर सगळं पुन्हा करावं लागतं. भूल असल्यामुळे परत न्यायला ओळखीचं माणूस लागतं, एकट्याने टॅक्सीने जाऊ देत नाहीत. तेही आधीच ठरवा.

काकूंची कोलोनोस्कोपी शेवटी हेल्थ सेंटरच्या चिठ्ठीवर एका ना-नफा हॉस्पिटलात झाली. दोन पॉलिप निघाले, दोन्ही साधे. हॉस्पिटलचं बिल माफ झालं. भूलवाल्यांचं वेगळं आलं, कारण ते हॉस्पिटलच्या मदतीच्या यादीत नव्हते आणि आम्ही तेवढंच विचारायला विसरलो होतो. आता काकू ते बिल दरमहा थोडं थोडं फेडतायत, आणि ती पावती त्याच खणात ठेवतात.