मधुमेहात सोबत शोधताय? मग या चुका टाळा

मला शुगर निघाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते, आता एकसष्ट पूर्ण. या चौदा वर्षांत तळजाईवर चालताना, भिशीत, लॅबच्या बाकड्यावर उपाशीपोटी नंबर लावून बसल्यावर जितक्या शुगरवाल्यांशी बोलले, तितकं सख्ख्या बहिणीशीही बोलले नसेन. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा दहा मिनिटं भेटतात. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर काय करायचं, रात्री दोनला भूक लागली तर काय खायचं, पायाला मुंग्या येतात ते कुणापाशी बोलायचं, हे ज्याच्या अंगात शुगर आहे त्यालाच विचारावं. म्हणून सोबत हवीच. पण ती शोधताना माणसं त्याच त्या चुका करतात, आणि त्यातल्या निम्म्या मीही केल्या आहेत.

सोबत लांब शोधणं

आमची भिशी सातजणींची, महिन्याच्या पहिल्या शनिवारी. तीन वर्षं मी तिथे श्रीखंड, गुलाबजाम, आमरस असं सगळं 'थोडंसंच हं' म्हणत खात आले आणि संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढून पाप फेडत आले. एका शनिवारी हात धुताना शेजारच्या वहिनींच्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. उचलून दिलं तर मेटफॉर्मिन, शुगरचीच गोळी. म्हटलं, "तुम्हालाही?" त्या इकडेतिकडे बघून कुजबुजल्या, "मुलीचं लग्न ठरायचंय, कुठे बोलू नका." त्या दिवशी ताटं उचलेपर्यंत सातांतल्या चौघी कबूल झाल्या. तीन वर्षं आम्ही चौघी एकमेकींना आग्रह करकरून गोड वाढत होतो!

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १०.१ कोटी मधुमेही, आणि शहरांत प्रौढांपैकी १६.४ टक्के, म्हणजे साधारण सहांत एक. हा हिशेब विशीपासूनच्या सगळ्यांचा. पन्नाशीपुढच्या बायकांत बसलात तर काय होईल ते तुम्हीच बघा. मग 'मला समजून घेणारं कुणी नाही' असं म्हणत शहरभर कशाला फिरायचं?

माझी सवय सांगते. पान वाढायला घेण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "मला शुगर आहे, मला भात अर्धाच." चारचौघांत कुणीतरी "मलाही" म्हणतंच. लग्नाच्या मुलीची काळजी मला कळते, पण लपवून ठेवल्याने आईची शुगर कमी होत नाही.

आपली गोळी दुसऱ्याला देणं

ही चूक माझी, आणि तिची लाज अजून वाटते.

त्याच वहिनी. त्या फक्त मेटफॉर्मिनवर. मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड चालू होती. त्यांची जेवणानंतरची शुगर अडीचशेच्या आसपास रेंगाळत होती आणि सोमवारी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचा होता. "तुझ्या गोळीने पटकन उतरते म्हणतेस ना, दोन-चार दे की." मी दिल्या. चार गोळ्या, कागदाच्या पुडीत, उसनी साखर दिल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. वहिनींनी सकाळी चहावर गोळी घेतली आणि विठ्ठलाच्या देवळात जाऊन आल्या. साडेअकराला त्यांच्या सुनेचा फोन, "काकू, आई काहीतरीच बोलतायत, लवकर या." गेले तर वहिनी स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. खिचडीसाठी काढलेलं दाण्याचं कूट मिक्सरमध्ये अर्धवट, ब्लाउज घामाने चिंब, हात थरथरतायत, आणि सुनेलाच विचारतायत, "ही कोण गं?" मशीन लावलं. ४८. सत्तरच्या खाली गेली की शुगर उतरली समजायचं. ही तर पन्नासच्याही खाली.

शुद्ध होती आणि गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.) पंधरा मिनिटांनी ७६. आम्ही सुस्कारा टाकला, सुनेने चहासुद्धा टाकला. तासाभरात पुन्हा ५८. तेव्हा माझं धाबं दणाणलं. रिक्षा केली आणि दवाखान्यात नेलं. तिथे रात्रीपर्यंत ग्लुकोजचं सलाइन. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "तुमच्या नावाची गोळी यांच्या पोटात कशी गेली?"

नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा अशी कोसळत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला असा नाहीतर उपाशी. तिचा अंमल दिवसभर राहतो, म्हणून एकदा साखर दिली की काम झालं असं होत नाही, शुगर पुन्हा उतरू शकते. पोटात फक्त चहा, त्यात चालणं, त्यात एकादशी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर आणखी वाईट.

तेव्हापासून भिशीच्या वहीचं शेवटचं पान वेगळं आहे. प्रत्येकीच्या नावासमोर तिच्या गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, घरच्या एकाचा नंबर. उपवास धरायचा असेल तर चार दिवस आधी ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि गोळी कुणी मागितली तर मी खडीसाखर पुढे करते. वहिनी आता हसतात. त्यांची सून अजून हसत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

एका मशीनभोवती सगळ्यांनी गोळा होणं

कुणी नवीन ग्लुकोमीटर आणला की बायका मेंदी काढायला बसल्यासारखी बोटं पुढे करतात. सुई बदलली की झालं, असं वाटतं ना? टोचायचं पेनही प्रत्येकाचं वेगळंच हवं. त्याच्या टोपीला रक्त लागतं, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहतो. माझं पेन मी नवऱ्यालाही देत नाही.

त्यातली एक गंमतही सांगते. मे महिन्यात एकीचा आकडा ३१२ आला. तिचे डोळे भरले, बाकीच्यांनी इन्शुलिनपर्यंत गोष्ट नेली. मी तिचं बोट हातात धरलं तर चिकट! आत्ताच हापूस कापून आलेली. साबणाने हात धुवून, कोरडे पुसून पुन्हा टोचलं, १६४. रडण्याआधी हात धुवा, बायांनो.

आकड्यांची शर्यत लावणं

"माझी तीन महिन्यांची सहा पॉइंट दोन, तुझी?" हा प्रश्न ऐकला की मी उठून पाणी प्यायला जाते. ही तीन महिन्यांची म्हणजे एचबीएवनसी तपासणी. पुष्कळ जणांना डॉक्टर ती सातच्या खाली ठेवायला सांगतात, पण पंच्याहत्तरीच्या, हृदयविकार असलेल्या माणसाला मुद्दाम आठपर्यंत चालवून घेतात. त्याने तुमच्याशी स्पर्धा केली तर चक्कर येऊन पडेल. आणि शर्यत लागली की माणूस खोटं बोलायला लागतो. तपासणीआधी दोन दिवस काकडीवर राहणारे मी पाहिलेत. त्यांची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, सुंदर येते. एचबीएवनसी मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांची कुंडली मांडते, तिला काकडी कळत नाही.

आम्ही आकडा विचारत नाही. "या महिन्यात काय जमलं नाही?" एवढंच विचारतो. त्याला उत्तरं खरी येतात.

बाकीच्या, थोडक्यात

बागेबाहेरचा दुधीचा रस ग्रुपमध्ये सगळे पितात म्हणून पिऊ नका. आणि पिताच असाल तर पहिला घोट कडू लागला की थुंकून टाका आणि उरलेला रस ओतून द्या. कडू दुधीची विषबाधा जिवावर बेतू शकते आणि तिला उतारा नाही.

कट्ट्यावर तिसऱ्याच दिवशी पिशवीतून पावडरचा डबा काढणारा माणूस सोबती नसतो, दुकानदार असतो.

'अमक्याच्या गोळ्या सुटल्या' हे ऐकून आपल्या बंद करू नका. सुटतातही काहींच्या, वजन उतरलं की, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

नुसती हळहळणारी माणसं टाळा. दोन तास रडून घरी गेल्यावर जिलबी जास्त आठवते.

आणि घाई. गेल्या पावसाळ्यात एकजण आल्या, आल्या आल्या वही उघडली. "मला पंधरा दिवसांत रिव्हर्स करायचंय, डाएट चार्ट द्या." चौदा वर्षांत मला पंधरा दिवसांत फक्त सर्दी बरी झालेली माहीत आहे. म्हटलं, चार्ट नाही, शनिवारी या. त्या तोंड वाकडं करून गेल्या. तिसऱ्या भिशीला आल्या, काकडीची कोशिंबीर घेऊन. वही आणली नव्हती. पानं होईपर्यंत गप्पच होत्या. मग चपला घालताना माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "रात्री पायाला मुंग्या तुम्हालाही येतात का हो?"