पाऊणपट: अलिबागमध्ये पोरांना घेऊन फिरायची रीत

रविवार आहे आणि पोरं मागे लागलीत, एवढ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे निघू नका. किल्ला समुद्रात आहे, ओहोटीलाच चालत जाता येतं. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चिवडा हे सगळं त्यानंतर.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन अलिबागला आले त्याला आता सतरा वर्षं झाली. कचेरीजवळ आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, त्यामुळे सुट्टी म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्ट्या. तिथीशी माझा संबंध चतुर्थीचा उपास आणि श्राद्ध एवढाच होता. तो बदलला लग्नानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात. माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. रविवार बघून आम्ही अकरा वाजता किल्ल्याकडे निघालो. वाटेत पाणी गुडघ्यापर्यंत होतंच. म्हटलं, अजून ओहोटी लागतेय, उतरेल. ते काही उतरलं नाही. उन्हाने खडक तापलेले, भाची रडायला लागली. कसेबसे आत पोचलो, सावलीत बसलो, डबे खाल्ले, एक डुलकीही काढली. तीनच्या सुमाराला बाहेर येऊन बघतो तर पाणी कमरेपर्यंत. भावाने एकेक मूल खांद्यावर घेतलं, मी चपला आणि डबे डोक्यावर. किनाऱ्यावर सासरे छत्री घेऊन उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, आज नवमी. नवमीला कोण जातं?"

त्या रात्री अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कॅलेंडर खाली उतरवलं आणि पेन्सिलने गणित शिकवलं. ते असं.

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीचीही. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊला आणि रात्री नऊला पाणी सगळ्यात खाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. हे गणित मुंबई-अलिबागच्या पट्ट्यातलं आहे. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे पाणी याच्या आधी भरतं, तिकडे तिथल्या लोकांना विचारा.

पण नुसती वेळ काढून भागत नाही, आणि नवमीला आम्ही इथेच फसलो. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे ओहोटी दुपारी पावणेएकला. वेळ चुकली नव्हती. मात्र अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे किल्ल्याची वाट पुरती उघडी पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर येतं तितकंच लांब मागेही जातं. म्हणून पोरांना घेऊन जायला चांगले दिवस म्हणजे द्वितीया, तृतीया, चतुर्थी. द्वितीयेला सकाळी साडेसात, तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ अशी ओहोटी येते, पाणीही भरपूर मागे गेलेलं असतं आणि ऊन चढायच्या आत घरी येता येतं. थंडीच्या दिवसांत दुपारी जायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी बघा, तीन-पावणेचारची ओहोटी मिळते.

आता दर जानेवारीत नवीन कॅलेंडर आलं की मी बारा महिन्यांचे रविवार बघते. ज्या रविवारी या तिथ्या पडतात तिथे कोपऱ्यात पेन्सिलने ओहोटीची वेळ लिहून ठेवते. वर्षात असे रविवार फार निघत नाहीत, आणि पावसाळ्यातले सोडून द्यावे लागतात. त्या दिवशी मग लग्न-मुंजीला जायचं नाही, असं घरात ठरलेलं आहे. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघा, आणि किनाऱ्यावर पोचलात की घोडागाडीवाल्यांना विचारा. पाऊणपट ही अंदाजाची गोष्ट, ते लोक पाण्याकडे बघून बोलतात.

जाताना ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी किनारा सोडा. चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, लहान मूल असेल तर अर्धा तास धरा, कारण प्रत्येक डबक्यातला खेकडा बघून झाल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. पायात पट्ट्यांचे सँडल हवेत. साध्या चपला चिखल ओढून घेतो आणि खडकावरच्या कालवांचे शिंपले अनवाणी पाय कापतात. माझ्या मुलाच्या टाचेवर अजून खूण आहे. आणि मुख्य नियम असा की ओहोटी पूर्ण झाली की किल्ल्यात रेंगाळायचं नाही. पाणी परत फिरायच्या आत वाटेला लागायचं. डबा किनाऱ्यावर येऊन खायचा.

आत काय दाखवायचं? पोरांना सनावळ्या सांगू नका, ती पळून जातात. एवढंच सांगा की 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, त्याच वर्षी महाराज गेले आणि पुढचं काम संभाजीराजांनी पुरं केलं. मग तटाजवळ नेऊन दगडांच्या फटीत बोट घालायला लावा. मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवले आहेत, त्यामुळे लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मरतो. माझ्या मुलीने हे तिसरीत ऐकलं आणि घरी येऊन वाळूत दोन भिंती बांधल्या, एक फटी ठेवून आणि एक लिंपून. लिंपलेली आधी पडली. सिद्धिविनायकाचं देऊळ आंग्र्यांच्या काळातलं, 1759 चं. देवळासमोर पुष्करणी आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यातल्या विहिरीला गोडं पाणी कसं, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारेपर्यंत गप्प बसा. उत्तरेच्या तटावर गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावरची अक्षरं वाचायला लावलीत की दहा मिनिटं शांतता मिळते.

जून ते सप्टेंबर समुद्राचं नाव काढायचं नाही. आमच्या घरात यावर चर्चा होत नाही. पाहुणे म्हणतात, नुसते पाय भिजवू. नाही. पावसाळ्यातली लाट पायाखालची वाळू ओढून नेते, आणि दरवर्षी बाहेरगावची तरुण मुलं या "नुसते पाय" मध्येच जातात. या दिवसांत आम्ही समुद्राला पाठ करून डोंगराकडे जातो. मापगावहून कनकेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या. सातशेच्या वर आहेत, पण चांगल्या रुंद आणि झाडीतून जाणाऱ्या. नागोबाच्या टप्प्यापर्यंत पोरं पळत जातात, तिथून पुढे आपल्याला ओढायला लावतात. 'देवाची पायरी' म्हणतात त्या टप्प्याला खाऊ काढायचा, आधी नाही, आधी काढलात तर वर जायची लाच संपते. श्रावणी सोमवार टाळा, गर्दीत शेवाळलेल्या पायऱ्यांवर मूल सांभाळणं कठीण. साधा रविवार बरा. छत्री नको, दोन्ही हात मोकळे हवेत, रेनकोट घाला. खाऊची पिशवी पोटाशी धरा, माकडं पाठीवरची पिशवी उघडतात. वर गेल्यावर कुंडाकाठी बसलं की ढग असेल तर काहीच दिसत नाही आणि ढग हलला तर खाली सगळा समुद्र.

नारळी पौर्णिमेला कोळी मंडळी नारळ सोडतात तेव्हा बंदरावर जरूर जा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, पण बरेच जण नारळ वाहिल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मिरवणूक संध्याकाळी असते. पाऊणपट लक्षात असेल तर कळेलच की पौर्णिमेला संध्याकाळी पाणी उतरलेलं असतं, चिखल असतो. नवे कपडे घालून नेऊ नका.

दिवाळीनंतर जत्रा लागतात. कार्तिक वद्य एकादशीला वरसोलीची विठोबाची, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेपासून चौलची दत्ताची. दोन्ही पाच-पाच दिवस. पाळण्यात बसायचं असेल तर पहिले दोन दिवस सोडून जा, भांडीकुंडी आणि घोंगडी घ्यायची असेल तर शेवटच्या दिवशी, भाव उतरतात. चौलला डोंगरावर दत्ताचं दर्शन आधी आणि जत्रा नंतर. उलट केलंत तर हातातल्या फुग्यांसकट पायऱ्या चढाव्या लागतात. सासूबाईंच्या चिठ्ठीवर दरवर्षी एकच वस्तू असते, पोळपाट. घरात सहा पोळपाट आहेत.

थंडीत सकाळी आक्षीला जा. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलं की ओल्या वाळूवर कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) थवे बसलेले असतात, उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले. ओहोटी लागताना जा, पक्षी तेव्हा चरायला येतात. पोरांना त्यांच्या अंगावर धावू देऊ नका. मी हे सांगते आणि माझा मुलगा धावतोच.

आणि संक्रांतीनंतर पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगांचं जेवण. हिच्यासाठी मात्र तिथी लागत नाही, वालाच्या शेंगा भरलेल्या हव्यात आणि भात कापून मोकळं झालेलं एखादं शेत हवं. शेत आपलं नसेल तर मालकाला विचारा आणि त्यालाही जेवायला बोलवा. दहा माणसांना चारेक किलो शेंगा, डझनभर अंडी, एक कोंबडी आणि थोडे बटाटे पुरतात. आदल्या संध्याकाळी बांधावरून भांबुर्डीचा पाला आणायचा. हे काम पोरांचं. ओळखायचा कसा? पान चुरगळून नाकाशी न्यायचं, उग्र, जरासा ओव्यासारखा वास आला की तोच. शंका असेल तर गावातल्या बाईला दाखवा, भलता पाला मडक्यात जायला नको.

शेंगा धुऊन निथळा, त्यांना जाडं मीठ आणि ओवा चोळा. कोंबडीला आलं-लसूण, हळद, मसाला, लिंबू लावून केळीच्या पानात पुड्या बांधा. बटाट्यांना चिरा देऊन तोच मसाला भरा. मडक्याच्या तळाला पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, मधोमध पुड्या आणि अंडी, परत शेंगा. अंडी मातीला टेकली तर फुटतात, चारी बाजूंनी शेंगांची गादी हवी. पाणी एक थेंबही घालायचं नाही, जे काय शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर. तोंडाशी पाला असा ठासून भरा की मडकं उलटं केलं तरी काही खाली येता कामा नये, कारण ते उलटंच ठेवायचं आहे. भोवती आणि वर पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचा आणि पेटवा. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा, वारा फिरला तर बांधावरचं गवत पेटायला वेळ लागत नाही.

अर्धा-पाऊण तास जाळ एकसारखा ठेवायचा. झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. मडक्यावर चार थेंब पाणी शिंपडा. चर्र होऊन थेंब क्षणात उडून गेला तर झालं. नुसताच ओघळला तर अजून दहा मिनिटं. ही परीक्षा घ्यायचा मान आमच्याकडे घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा असतो, लांब काठीला ओला फडका बांधून. मग निखारे बाजूला सारून, ओल्या पोत्याने धरून मडकं सरळ करायचं, पाला ओढायचा आणि सगळं वर्तमानपत्रावर ओतायचं. पहिली वाफ तोंडावर घेऊ नका, भाजते. सोबत चिरलेला पांढरा कांदा, त्या दिवसांत रस्त्याकडेला माळा लटकलेल्या असतात त्यातला. शेंगा काळपट दिसतात, दाणा आत हिरवागार मऊ असतो. पोरांची बोटं आणि तोंडं काळी होतात, घरी जाईपर्यंत पुसत बसू नका.

मडक्याला तडा गेला नसेल तर राखेने घासून, उन्हात वाळवून माळ्यावर पालथं घाला. आमचं यंदा तिसऱ्या वर्षातलं आहे.