सरकत्या पट्टीतली अक्षरं फिसकटतात? टीव्ही बदलण्याआधी हे करून बघा

बातम्यांच्या चॅनलवर खाली सरकणारी पट्टी वाचून बघा. कोपऱ्यातला लोगो ठसठशीत, पण पट्टीतले काना-मात्रा पुसट दिसले, तर तो मोशन ब्लर.

आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला जास्तीत जास्त 50 चित्रांचं. सपाट पडद्यावर प्रत्येक चित्र 20 मिलिसेकंद जागच्या जागी थांबतं, डोळा मात्र क्रिकेटच्या चेंडूमागे धावतच असतो. फुल एचडी पडद्याची 1920 ठिपक्यांची रुंदी चेंडूनं सेकंदात पार केली, तर तो डोळ्यात अडतीसेक ठिपके फाकतो. जुन्या डबा टीव्हीत चित्र चमकून लगेच विझायचं, म्हणून तिथं हे जाणवत नसे. एलसीडीत आणखी एक भानगड असते: ठिपका रंग बदलायलाच वेळ लावतो आणि मागे शेपूट राहतं.

दोष कुठला हे ओळखायला पट्टीचं मोबाईलवर स्लो मोशन चित्रण करा. अक्षरामागे सावली दिसली तर पॅनल, म्हणजे पडदाच, मंद. अक्षर स्वच्छ आलं तर पॅनल ठीक, फाकतंय ते डोळ्यात.

मग टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून घालतो, ते सेटिंग. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी शोधा. क्रिकेटला मध्यम ठेवा. सिनेमाला बंदच करा, नाहीतर 24 फ्रेमचा सिनेमा डेली सोपसारखा गुळगुळीत दिसतो. दोन चित्रांमध्ये काळी फ्रेम घालायची सोयही काही टीव्हींत असते. चित्र धुतल्यासारखं स्वच्छ होतं, पण पडद्याचा उजेड कमी होतो. मे महिन्यात दुपारी सोलापुरातल्या उजेडाच्या खोलीत ती कामाची नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर दुकान. पण रिकाम्या हातानं जाऊ नका. शोरूमात फुलं, पोपट, संथ वाहणारा मध असलंच दाखवतात. त्यात कुठलाही टीव्ही देखणा दिसतो. भर दुपारी सोलापुरातल्या सात रस्ता चौकात जा आणि आडव्या पळणाऱ्या रिक्षांचं 60 फ्रेमवर चित्रण करा. कडक उन्हात कॅमेऱ्याचा शटर झटपट चालतो, त्यामुळे व्हिडिओ थांबवला की नंबरप्लेट वाचता येते. तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून नवी पेठेतल्या दुकानात न्या. थांबवल्यावर दिसणारा नंबर चालू असताना किती वाचता येतो, ते दोन-तीन टीव्हींवर बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

खोक्यावरच्या 'मोशन रेट'च्या आकड्यावर जाऊ नका. नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतो तो आकडा (हर्ट्झमध्ये), 60 की 120 एवढंच विचारा. 120 असला तरी क्रिकेटला फायदा व्हायला टीव्हीनं मधली चित्रं स्वतः तयार करावी लागतात.

क्यूएलईडी हा रंग सुधारलेला एलसीडीच, त्या नावानं ब्लर जात नाही. एलसीडी पॅनलचे दोन मुख्य प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलचा काळा रंग दाट, पण अंधाऱ्या दृश्यात शेपूट उठून दिसतं. आयपीएसचा काळा करडा वाटतो, मात्र कडेला बसलेल्यालाही चित्र नीट दिसतं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो; तो जवळजवळ क्षणात बदलतो, शेपूट नाहीच; 20 मिलिसेकंदांचं थांबणं मात्र तिथंही आहे. घरात सकाळपासून एकच बातम्यांचं चॅनल लागत असेल तर लोगोचा कायमचा डाग पडायची भीती वेगळी. अशा घरात मी 120 हर्ट्झचा आयपीएस घेईन.

आणि 55 इंची बघून 43 इंचीची ऑर्डर देऊ नका. एकाच मालिकेत आकार बदलला की पॅनल आणि रिफ्रेश रेटही बदलू शकतो. जो न्यायचा, त्याच आकारावर रिक्षा पळवून बघा.