चैत्रात मॉडेल रेल्वेचा नाद सांभाळायचा तर

पाडवा झाला की आमच्याकडं गच्चीवर कुरडया-सांडगे, घरात जळमटं काढणं, टाकी धुणं, वर संध्याकाळी पोरं रंकाळ्यावर चला म्हणून मागं लागतात, मग लेआउटला (रूळ, स्टेशन, सिग्नल मांडून केलेल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्याला) वेळ कुठनं मिळणार. मी आता सलग दोन तास मिळायची वाट बघतच नाही, वीस मिनिटांचं एकच काम धरतो, आज एक पॉइंट (गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर वळवायचा सांधा), उद्या एक सिग्नल, बास.

झाडलोट काढायच्या आधी लेआउटवर जुनी चादर टाका. आणि जोतिबाच्या यात्रेवरनं आला असाल तर आधी अंघोळ! एचओ या मापाच्या मॉडेलचे रूळ म्हणजे १६.५ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर एवढंसंच, त्यावर गुलाल बसला की इंजिन आचके देत चालतं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं फिरवा, पॉलिश पेपर नको, चरे पडतात आणि त्यातच परत घाण साठते.

कुरडया राखायची ड्युटी लागली (कावळे लई बेरकी) तर तिथंच सावलीत बसून बॅलास्टसाठी (रुळाखालच्या खडीसाठी) वाळू चहाच्या गाळणीनं चाळून घ्या. रंगवलेले प्लास्टिकचे रेल्वेचे डबे मात्र गच्चीवर उन्हात वाळवू नका, माझा एक कुरडईसारखाच वाकडा झालाय.